मनावरचा आघात आणि त्यातून सावरण्याच्या पायऱ्या



आजचा पाठ कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, पण वर्गात कधी ना कधी त्याची गरज पडतेच. विषय आहे मानसिक आघात, म्हणजे ज्याला ट्रॉमा म्हणतात तो, आणि त्यातून माणसाला सावरायला मदत करणारी पद्धतशीर उपचारपद्धती.

एखाद्यावर मोठा प्रसंग ओढवला की आपल्याकडे दोन सल्ले ठरलेले असतात. एक, "झालं गेलं विसरून जा." दुसरा, "मनात ठेवू नको, सगळं बोलून टाक." दोन्ही मायेपोटीच दिलेले असतात. पण पहिला सल्ला बहुतेकांना जमत नाही आणि दुसरा चुकीच्या वेळी दिला तर त्रास वाढू शकतो. मग करायचं काय? त्याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर "क्रमाने". कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे सावरण्यात फार महत्त्वाचं असतं. बेरीज यायच्या आधी आपण गुणाकार शिकवत नाही, तसंच हे आहे.

पाठाची उद्दिष्टे
• मानसिक आघात म्हणजे काय ते समजणे.
• मुलांमधली लक्षणे ओळखता येणे.
• उपचाराच्या पायऱ्या आणि त्यांचा क्रम सांगता येणे.
• शिक्षक म्हणून आपलं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळणे.

१. आपल्या शिवारातली एक पहाट

८ मे २०२० हा दिवस करमाडच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. लॉकडाऊन सुरू होता. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर आदल्या संध्याकाळी पायी निघाले होते. त्यांना मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतल्या आपापल्या गावी जायचं होतं. भुसावळला रेल्वे मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत होते. रात्रभर चालून थकल्यावर बदनापूर ते करमाड स्टेशनांच्या दरम्यान, सटाणा शिवारात, ते विसाव्याला थांबले. गाड्या बंद आहेत असं समजून बरेच जण रुळांवरच झोपी गेले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टँकरची मालगाडी आली. सोळा जणांचा जीव गेला. चौघे वाचले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरी-चपात्यांचे फोटो देशभर पोचले.

सरकारांनी मृतांच्या कुटुंबांना मदत जाहीर केली. चौकशी झाली. हे सगळं आवश्यकच होतं. पण अशा घटनेत आणखी एक नुकसान होतं, ज्याचा पंचनामा होत नाही. अशा वेळी वाचलेल्या माणसाला बहुधा एक प्रश्न छळत राहतो, "सगळे गेले, मी एकटा का राहिलो?" ज्यांनी मृतदेह उचलले त्या पोलिसांना, रेल्वे कर्मचाऱ्यांना, मदतीला धावलेल्या गावकऱ्यांना ते दृश्य डोळ्यांसमोरून हटवणं अवघड जातं. आणि मोबाईलवर आलेले ते फोटो घरातल्या लहान मुलांनीही पाहिलेले असतात, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे आघात फक्त ज्याच्या अंगावर प्रसंग आला त्यालाच होतो असं नाही. तो पाहणाऱ्यालाही होतो आणि जवळचं माणूस गेल्याची बातमी अचानक कानावर आली त्यालाही होतो. पोलीस, अॅम्ब्युलन्सचे कर्मचारी अशा लोकांचा तर अशा दृश्यांशी पुन्हा पुन्हा संबंध येतो.

२. आघात म्हणजे नेमकं काय?

रोजच्या आयुष्यात दुःख, ताण, भीती असतेच. परीक्षेत नापास होणं, भांडण होणं, बदली होणं यांचाही त्रास होतो. पण मानसशास्त्रात आघात हा शब्द मुख्यतः त्या अनुभवाला वापरतात, ज्यात जिवावर बेतलेलं असतं, गंभीर इजा झालेली असते किंवा लैंगिक अत्याचार झालेला असतो, आणि त्या क्षणी माणूस पूर्ण हतबल असतो. अपघात, भूकंप, आग, पूर, घरातली मारहाण, घरात कुणी केलेली आत्महत्या पाहणं, ही त्याची उदाहरणं. आपल्या मराठवाड्यात शेवटचं उदाहरण किती घरांत आहे, हे वेगळं सांगायला नको.

हा त्रास माणसाला पूर्वीपासून होतच आला आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरत, त्यांची वाचा जाई, झोप उडे. तेव्हा त्याला शेल शॉक म्हणत आणि अनेकांना तो भित्रेपणा वाटे. पुढे व्हिएतनाम युद्धानंतर या त्रासाचा जास्त अभ्यास झाला आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव मिळालं. मराठीत आपण त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतो, डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. नाव मिळाल्याचा मोठा फायदा असा झाला की हा भित्रेपणा नाही, नाटक नाही, तर उपचाराने बरा होऊ शकणारा त्रास आहे, हे मान्य झालं.

३. मेंदूत काय होतं? जनरल रजिस्टरचं उदाहरण

आपल्या शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाची नोंद तारखेसह असते. कधी दाखल झाला, कधी दाखला घेऊन गेला, सगळं लिहिलेलं असतं. तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रजिस्टरात सापडतो, पण त्याची आज हजेरी घेत नाही आपण. कारण तारीख सांगते की ही गोष्ट झाली, संपली.

मेंदूतही असंच एक काम चालतं. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आठवणींना "केव्हा, कुठे, कशानंतर काय" अशी जागा लावून देतो. अमिग्डाला नावाचा छोटा भाग पहारेकऱ्याचं काम करतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो, छाती धडधडते, हातपाय पळायला किंवा लढायला तयार होतात, कधी कधी अंग जागच्या जागी गोठून जातं. आणि कपाळामागचा पुढचा भाग विचार करून सांगतो, "घाबरू नको, तो फटाका होता."

भयंकर प्रसंगात पहारेकऱ्याची घंटा इतक्या जोरात वाजते की नोंद नीट होतच नाही. आवाज, वास, उजेड, वेदना हे सगळं तुकड्यातुकड्यांनी साठतं, पण त्यावर तारीख पडत नाही. म्हणून पुढे कधी तसाच आवाज आला, तसाच वास आला की मेंदूला ते जुनं आठवल्यासारखं वाटत नाही. ते आत्ता, या क्षणी घडतंय असं वाटतं. अशा मुलाला "अरे, ते तर मागच्या वर्षी झालं" असं सांगून उपयोग का होत नाही, ते आता लक्षात येईल. त्याच्या आतल्या नोंदीवर मागच्या वर्षीची तारीखच नाही.

उपचाराचं मोठं काम हेच असतं. आठवण पुसायची नाही. तिच्यावर तारीख घालायची.

४. लक्षणे ओळखू या

डॉक्टर या त्रासाची लक्षणे चार गटांत पाहतात.

पहिला गट, आठवण घुसखोरी करते. नको असताना दृश्य डोळ्यांपुढे येतं, वाईट स्वप्नं पडतात. लहान मुलं तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळतात किंवा तेच चित्र काढत बसतात.

दुसरा गट, टाळाटाळ. ती जागा, तो रस्ता, तो विषय नको वाटतो. मूल कारण सांगत नाही, फक्त "मला नाही जायचं" म्हणतं.

तिसरा गट, विचार आणि भावना बदलतात. "माझ्यामुळेच झालं", "आता कुणावरच विश्वास नाही" असे विचार येतात. आवडीचा खेळ नकोसा होतो, मूल घुम्यासारखं बसतं.

चौथा गट, सतत सावध राहणं. बारीक आवाजाला दचकणं, झोप न लागणं, चिडचिड, मारामारी, अभ्यासात लक्ष न लागणं.

यातला चौथा गट शिक्षकाला सगळ्यात जास्त फसवतो. कारण असं मूल आपल्याला "खोडकर" किंवा "ढ" वाटतं. लहान मुलांमध्ये आणखी काही गोष्टी दिसतात. बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, बोबडं बोलणं येतं, रोज पोट दुखतं, आईचा पदर सुटत नाही. घरचे म्हणतात, "धास्ती घेतली", "बाहेरचं झालं", आणि मीठ-मोहरी ओवाळतात. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मुलाला बरं वाटत असेल तर त्यात वावगं काही नाही. पण तेवढ्यावर थांबून महिने घालवू नयेत.

आता महत्त्वाचा प्रश्न. ही लक्षणे दिसली म्हणजे लगेच आजार समजायचा का? नाही. प्रसंगानंतरचे पहिले काही आठवडे अशी लक्षणे बहुतेकांना येतात आणि आधार मिळाला तर बहुतेकांची आपोआप ओसरतात. लक्षणे महिन्याहून जास्त टिकली आणि शाळा, झोप, जेवण, खेळ यांत अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञाला दाखवलं पाहिजे. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

५. पहिले दिवस: पहा, ऐका, जोडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. त्यातली तीन सूत्रं कुणालाही शिकता येतात.

पहा. माणूस सुरक्षित आहे का? जखम आहे का? पाणी, अन्न, पांघरूण मिळालं का? फारच भेदरलेलं कोण आहे?

ऐका. जवळ बसा. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर गप्प बसा. "काय झालं ते सांग, नीट सांग" असं खोदून विचारू नका.

जोडा. त्याला त्याच्या माणसांशी, दवाखान्याशी, हव्या त्या मदतीशी जोडून द्या.

पूर्वी अशी एक पद्धत होती की दुर्घटना झाली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून प्रसंग वदवून घ्यायचा. मन मोकळं झालं की त्रास टळेल, असा समज होता. अभ्यासातून त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नये असं सांगितलं. पहिल्या महिन्यात त्रास कमी व्हावा म्हणून झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, हेही त्याच सूचनांत आहे.

म्हणजे "सगळं बोलून टाक" हा सल्ला मुळात चूक नाही, पण तो पहिल्या पायरीवर देण्याचा नाही. बोलण्याची पायरी पुढे येते. कुठे, ते आता पाहू.

६. उपचाराच्या पायऱ्या

मुलांसाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेली पद्धत म्हणजे आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. अमेरिकेतल्या ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी ती विकसित केली. साधारण बारा ते सोळा भेटी, आठवड्याला एक, असा तिचा बेत असतो. मुलाबरोबर पालकांचीही प्रत्येक टप्प्यावर भेट होते.

समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौथीतली एक मुलगी आहे, तिला आपण मनीषा म्हणू. काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून ती बाजारातून येत होती. जालना रोडवर मागून ट्रकने धडक दिली. काका जागीच गेले. मनीषाचं कोपर खरचटलं, एवढंच. लोक म्हणाले, "पोरगी वाचली, देवाची कृपा." आता तीन महिने झाले. ती मोटारसायकलवर बसत नाही. हॉर्न वाजला की कान झाकते. रोज सकाळी पोट दुखतं. वहीच्या मागच्या पानावर ट्रकच ट्रक काढलेले आहेत.

पायरी पहिली: समजावून सांगणं. समुपदेशक ताई मनीषाला आणि तिच्या आईला सांगतात की असं होणं हा मनाचा धक्क्याला दिलेला प्रतिसाद आहे. तू वेडी नाहीस, नाटक करत नाहीस. आईलाही कळतं की पोरीला ओरडून किंवा लाडावून उपयोग नाही. झोपेची, जेवणाची वेळ ठरलेली ठेवायची, चांगल्या वागण्याचं लगेच कौतुक करायचं.

पायरी दुसरी: शरीर शांत करणं. हळू श्वास घेणं, अंग आवळून सैल सोडणं, डोळ्यांपुढे आवडती जागा आणणं. मनीषा आजोळच्या चिंचेखालची सावली निवडते. पहारेकऱ्याची घंटा आपल्यालाही बंद करता येते, हा विश्वास इथे येतो.

पायरी तिसरी: भावनांना नाव देणं. आपल्या मुलांना "बरं वाटतं" आणि "कसंतरी होतं" एवढीच दोन उत्तरं येतात. भीती, राग, लाज, एकटेपणा, आठवण येणं हे वेगवेगळं ओळखायला शिकवलं जातं. शून्य ते दहा अशी भीतीची पट्टी काढून आज कितीवर आहे ते मूल दाखवतं.

पायरी चौथी: विचार, भावना आणि कृती यांचं नातं. आधी रोजच्या उदाहरणांवर. मैत्रीण बोलली नाही तर "ती रुसली" असा विचार केला की वाईट वाटतं, "तिचं डोकं दुखत असेल" असा विचार केला की काळजी वाटते. प्रसंग एकच, विचार बदलला की भावना बदलते.

पायरी पाचवी: प्रसंग सांगणं. इथे कुठे बोलण्याची पाळी येते. तीही एकदम नाही. आधी काकांबद्दल चांगल्या आठवणी, मग त्या दिवशीची सकाळ, मग बाजार, आणि हळूहळू तो क्षण. मूल सांगतं, चित्र काढतं किंवा छोटं पुस्तक लिहितं. भीतीची पट्टी वर गेली की थांबून श्वासाचा सराव करतं, मग पुढे जातं. या पायरीवर मनीषा पहिल्यांदाच एक वाक्य बोलते, "मी कुल्फीसाठी काकांना थांबवलं. नाही थांबवलं असतं तर ट्रक आलाच नसता." तीन महिने ही पोर हे ओझं एकटी वाहत होती. ताई घाईने "तुझी चूक नाही" म्हणत नाहीत. त्या विचारतात, "कुल्फी मागितलीस तेव्हा ट्रक येणार हे तुला माहीत होतं का? ट्रक कोण चालवत होतं?" उत्तर मनीषाच्याच तोंडून येतं. सांगून सांगून प्रसंगाला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळतो. रजिस्टरातल्या त्या नोंदीवर तारीख पडते.

पायरी सहावी: टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परतणं. अंगणात उभी केलेली गाडी पाहायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसायचं, गाडी बंदच. मग गाडी चालू करून बसायचं. मग गल्लीतल्या देवळापर्यंत जायचं. एक पायरी सोपी झाल्याशिवाय पुढची नाही. इथे एक भान ठेवावं लागतं. हायवे ओलांडताना वाटणारी भीती घालवायची नाही, कारण तो धोका खरा आहे. जी गोष्ट आता धोक्याची नाही, तिचीच भीती कमी करायची.

पायरी सातवी: घरच्यांसमोर सांगणं. मनीषा आपलं छोटं पुस्तक आईला वाचून दाखवते. आईची आधी तयारी करून घेतलेली असते, म्हणजे ती कोसळत नाही. त्यानंतर घरात काकांचं नाव चोरून घ्यावं लागत नाही.

पायरी आठवी: पुढची सुरक्षितता. रस्त्यावर कसं वागायचं, भीती पुन्हा वर आली तर काय करायचं, कुणाला सांगायचं. काकांच्या वर्षश्राद्धाला आठवण उफाळून येईल, याचीही आधीच तयारी.

बघा, "विसरून जा" हे यात कुठेच नाही. बरं होणं म्हणजे काका आठवले की डोळे भरून येणं, आणि तरीही सकाळी डबा घेऊन शाळेत जाता येणं.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतलं आपल्या गावात कसं चालणार? आफ्रिकेतल्या झांबिया देशात याच पद्धतीचा अनाथ आणि असुरक्षित मुलांवर अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उपचार करणारे मोठे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले स्थानिक समुपदेशक होते. तरीही नेहमीच्या मदतीपेक्षा या पद्धतीने मुलांचा त्रास बराच जास्त कमी झाला. क्रम पाळला आणि वरून देखरेख असली, तर साध्या ठिकाणीही हे काम होऊ शकतं.

दुसरी एक पद्धत आहे ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये तिची सुरुवात केली. यात माणूस आठवण मनात धरून समुपदेशकाच्या हलणाऱ्या बोटांकडे नजर फिरवतो किंवा दोन्ही बाजूंना आलटून पालटून टिचक्या अनुभवतो. तिचेही आठ टप्पे ठरलेले आहेत आणि त्यातही आधी तयारी, मग आठवण, हाच क्रम आहे. आपल्या देशात २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर तिचं प्रशिक्षण वाढलं. मोठ्या माणसांसाठी इतरही पद्धती आहेत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधंही देतात. ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यायची आणि त्यांच्याच सल्ल्याने बंद करायची.

७. किल्लारीने शाळेबद्दल काय शिकवलं?

एका मुलाचं झालं. पण गावच्या गाव कोसळतं तेव्हा? त्यासाठी लांब जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीची जाड भिंतींची घरं अंगावर पडली आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. ज्या घराने ऊन-पावसापासून जपलं, त्याच घराची लोकांना धास्ती बसली. छताखाली झोपायला माणसं तयार नव्हती.

त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी नेली. राहणं, जेवण, शाळा, खेळ यांची सोय केली. पुढे शेतकरी आत्महत्या झालेल्या कुटुंबांतली मुलंही त्याच संकुलात शिकली. याला आपण उपचार म्हणत नाही. पण वर पाहिलेली पहिली पायरी आठवा. ठरलेल्या वेळी उठणं, ठरलेल्या वेळी जेवण, ओळखीची माणसं, उद्या काय होणार हे माहीत असणं. आघाताने मुलाच्या मनातला सगळ्यात मोठा आधार काढून घेतलेला असतो, तो म्हणजे "उद्याही सगळं जागेवर असेल" हा विश्वास. रोज वाजणारी शाळेची घंटा तो थोडा थोडा परत देते. उपचार आठवड्यातून एक तास असतो. शाळा आठवड्यातून सहा दिवस असते.

८. वर्गात आपण काय करायचं, काय नाही

करायचं:
• वेळापत्रक शक्यतो बदलू नका. बदल असेल तर आधी सांगा.
• मुलाला दाराजवळ किंवा त्याला सुरक्षित वाटेल तिथे बसू द्या.
• मोठा आवाज होणार असेल, जसं ढोल, फटाके, तर आधी कानावर घाला.
• मूल दचकलं किंवा हरवल्यासारखं झालं तर हळू आवाजात नाव घ्या. "पाय जमिनीवर टेकव. फळ्यावर काय लिहिलंय ते वाच. आज वार कोणता?" असं विचारून त्याला आत्ताच्या क्षणात आणा.
• सगळ्या वर्गाला रोज दोन मिनिटं श्वासाचा सराव द्या. म्हणजे एकाच मुलाकडे बोट जाणार नाही.
• काय दिसलं, केव्हा दिसलं याची साधी नोंद ठेवा. पुढे डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

करायचं नाही:
• वर्गासमोर प्रसंगाबद्दल विचारायचं नाही.
• "माझे वडील" किंवा "माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग" असा निबंध अशा मुलावर लादायचा नाही. दुसरा विषय निवडू द्या.
• "तू तर शूर आहेस, रडू नको" म्हणायचं नाही.
• दुर्घटनेचे फोटो, व्हिडिओ शिक्षकांच्या किंवा पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवायचे नाहीत.
• वरच्या पायऱ्या वाचून आपणच उपचार करायला बसायचं नाही. पाचवी आणि सहावी पायरी प्रशिक्षित माणसाचीच आहे. आपलं काम ओळखणं, आधार देणं आणि जोडून देणं.

आणि एक कायद्याची गोष्ट. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं किंवा तसा संशय आला, तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. "घरातलं प्रकरण आहे" म्हणून आपल्याला गप्प बसता येत नाही. मुलाला मात्र पुन्हा पुन्हा तपशील विचारायचे नाहीत.

९. मदत कुठे मिळेल?

• टेली मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. शिक्षकसुद्धा फोन करून सल्ला घेऊ शकतात.
• चाइल्डलाइन, १०९८. मूल संकटात असेल तर.
• छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांमार्फत चालतो. करमाडहून शहराकडे जाताना चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे मिनी घाटी, आधी लागतं.
• शाळा तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. दात, डोळे दाखवतो तशीच मनाची अडचणही त्यांच्या कानावर घालावी.

पालकांना पाठवताना "वेड्यांचा डॉक्टर" ही भीती आडवी येते. तेव्हा साधं सांगावं, "हाड मोडलं तर आपण प्लास्टर घालतो. हाड स्वतःच जुळतं, पण सरळ जुळावं म्हणून प्लास्टर लागतं. हेही तसंच आहे."

थोडक्यात

• आघाताची आठवण तारीख नसलेल्या नोंदीसारखी असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा आत्ता घडल्यासारखी वाटते.
• पहिला महिना आधाराचा. खोदून विचारायचं नाही.
• महिन्यानंतरही त्रास टिकला तर तज्ज्ञाकडे.
• उपचाराचा क्रम: आधी सुरक्षितता आणि शांत होण्याची कौशल्यं, मग प्रसंग सांगणं, मग हळूहळू रोजच्या जगण्याकडे परतणं.
• शाळेचा ठरलेला दिवस हा मुलाचा मोठा आधार आहे.

स्वाध्याय (शिक्षक आणि पालकांसाठी)

१. "सगळं बोलून टाक" हा सल्ला कोणत्या पायरीवर योग्य ठरतो? का?
२. आपल्या वर्गातलं नेहमी चिडणारं किंवा दचकणारं एखादं मूल आठवा. त्याच्यात चार गटांपैकी कोणती लक्षणे दिसतात? (नाव कुठेही लिहू नका.)
३. मोटारसायकलची भीती कमी करण्याच्या पायऱ्या आपण पाहिल्या. पुरात अडकलेल्या मुलाला पाण्याची भीती बसली असेल तर अशाच पाच पायऱ्या तयार करा. कोणती भीती तशीच ठेवावी लागेल, तेही लिहा.
४. १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

चौथा प्रश्न उद्याच सोडवावा. त्याला खडू सोडून काही लागत नाही.